एका दुपारचं गरम पाणी

भर मे महिन्यात, भर दुपारी बादलीभर पाणी तापवणारा माणूस चंद्रपुरात एक तर खुळा असतो, नाही तर त्याला काहीतरी लपवायचं असतं. रोशन उरकुडे खुळा नव्हता. तो 'द्वारपाल' कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होता. हे खुळेपणाच्या बरंच जवळ जातं, पण तेच नव्हे.

बाहेर अठ्ठेचाळीस अंश होते. रस्त्यावरची कुत्री नालीत गळ्यापर्यंत बसून विचार करत होती. आणि रोशन न्हाणीघराच्या दाराला आतून कडी लावून, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, बादलीतून वाफ कधी निघते याची वाट पाहत होता. बादलीत एक काळी लादी बुडवलेली होती. त्या लादीत त्याच्या आईचा आवाज होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. आणि त्याच लादीत रोशननं स्वतः उच्चारलेलं एक वाक्य होतं. ते त्याच्या बाबांच्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा घाट.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल. फार नाही, कूलरपर्यंत.

द्वारपाल येण्याआधी चंद्रपुरात घरोघरी कूलर असे. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पाण्याचा पंप आणि एखाद्या विमानातून पळवून आणल्यासारखा पंखा. तो खोली थंड करी. पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. तो आवाज करी. कूलर चालू असला की नवरा काय म्हणाला ते बायकोला ऐकू जात नसे, आणि तिनं काय उत्तर दिलं ते नवऱ्याला. शेवटचा शब्द आपलाच होता या समाधानात दोघं झोपत. कित्येक संसार नुसते या घरघरीवर टिकले, पण त्याचं श्रेय कूलरला कुणी दिलं नाही.

मग द्वारपाल आला. भिंतीत बसवायची, परातीएवढी चपटी चकती. आवाज शून्य, वीज नखाएवढी. कंपनीनं जाहिरात केली होती : 'थंड, शांत आणि विसराळू.' यातला विसराळू हा शब्द का घातलाय, हे विकत घेताना कुणी विचारलं नाही. लोक त्याला नुसतं 'पाल' म्हणू लागले. भिंतीला चिकटलेली असल्यानं ते फार चूक होतं असंही नाही.

रोशननं कर्मचाऱ्यांच्या सवलतीत पहिली पाल स्वतःच्या घरी बसवली, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "हे चालते कशावर?"

मारोतराव उरकुडे हे बसस्टँडच्या कंट्रोल केबिनमधून निवृत्त झालेले. अख्खी नोकरी माइकसमोर गेली. 'गडचिरोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की घरात मीठ मागतानाही गाडी सुटायला आल्यासारखं वाटे. हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

"बाबा, हवा म्हणजे धावणाऱ्या कणांची गर्दी," रोशननं सांगायला घेतलं. "काही जोरात धावतात, काही रेंगाळतात. जोरात धावणारे जास्त झाले की आपण म्हणतो गरम होते. याच्यात डोळ्यांना दिसणार नाहीत अशी बारीक दारं आहेत. दाराशी येणारा एकेक कण हा पाहतो. धावणारा असला की बाहेर सोडतो, रेंगाळणारा असला की आत ठेवतो. ढकलत नाही, ओढत नाही. फक्त दार उघडतो आणि लावतो."

"एवढंच? मग फुकटच झालं."

"फुकट नाही. लग्नाच्या मंडपाबाहेर चपला असतात ना? शंभर जोड. प्रत्येक जोड नीट शेजारी-शेजारी, अशा मांडण्या मोजक्या. आणि विस्कटलेल्या मांडण्या किती?"

"लय."

"मोजता येणार नाही इतक्या. म्हणून पंगत उठली की चपला विस्कटतात. मुद्दाम कोणी करत नाही. विस्कटायच्या तऱ्हाच इतक्या जास्त, की कुठूनही धक्का बसला की गाडी तिकडंच जाते. या तऱ्हा किती, याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी."

"माझी डावी चप्पल बल्लारपूरच्या लग्नात गेली," बाबा म्हणाले. "ती एन्ट्रॉपीनं नेली म्हण ना."

"ती चिंचोळकरांच्या जावयानं नेली. पण तत्त्व तेच."

पलीकडं आई शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "आणि उजवी तुम्ही अजून ठेवली आहे माळ्यावर. त्याचं काय माप आहे ते विचारा." बाबांनी विचारलं नाही.

रोशन पुढं सांगत राहिला. चपला कोणी पुन्हा जोडीनं लावायला बसला, तर कुठली कुणाची ते त्याला ध्यानात ठेवावं लागतं. द्वारपालही ध्यानात ठेवतो. दाराशी आलेल्या प्रत्येक कणाची नोंद तो या काळ्या लादीत करतो. लादीतले रेणू सुरुवातीला कोरे, ओळीनं मांडलेले. नोंदी होतात तसे ते उलटसुलट होत जातात. खोलीतली हवा निवते, लादी विस्कटते. एकूण पसारा तेवढाच, फक्त खोलीतून लादीत गेला. एक दुपार, एक लादी.

"आणि लादी पुसायची झाली तर?"

"पुसता येते. पण जेवढी गरमी घालवली तेवढी लादीतून परत निघते. वर थोडं व्याज. विसरणं फुकट नाही बाबा. हा निसर्गाचाच नियम आहे, कंपनीचा नाही."

"बरोबर आहे," बाबांनी फलाट क्रमांक चारला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. "फुकटात विसरता आलं असतं, तर एसटीत तक्रारबुक कायले ठेवलं असतं?"

आता निसर्गाचा नियम कितीही कडक असला तरी त्यातून बादलीभर फायदा काढायला चंद्रपूरच्या माणसाला वेळ लागत नाही. भरलेल्या लाद्या कंपनीच्या केंद्रावर द्याव्यात अशी सूचना होती. कुणीही दिल्या नाहीत. एकेक लादी पाट्याएवढी जड. कोण वाहून नेणार? लोकांनी त्या गच्चीवर रचल्या. डिसेंबर आला, थंडीनं बोटं वाकडी व्हायला लागली, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की लादी बादलीत सोडून पुसायची कळ फिरवली तर पाणी कढत होतं. एक लादी, एक बादली. मे महिन्याच्या उन्हानं डिसेंबरात आंघोळ. गिझरचे दुकानदार देशोधडीला लागले. सकाळी सकाळी गल्लीत हाका ऐकू येत, "अहो, आज कुठली लादी घेऊ? अक्षय तृतीयेची घेऊ का? चांगली तापते." उन्हाळाभर घरात जे काही झालं, ते हिवाळ्यात डोक्यावरून ओतून मोकळं व्हायचं, असा रिवाजच पडून गेला. मार्गशीर्ष सरेपर्यंत गच्च्या रिकाम्या.

कुणाच्या उरल्याच तर त्या भांडेवालीला जात. शेजारच्या मत्ते काकूंनी तीन लाद्यांवर स्टीलची कढई मिळवली होती आणि घासाघीस करून वर एक झारा.

उरकुड्यांच्या घरी मागच्या हिवाळ्यात एक लादी उरली. तिच्या कोपऱ्यावर मरून रंगाची टिकली होती. ती रोशनच्या आईची.

आईला टिकल्या कुठंही चिकटवायची सवय. आरशावर, फ्रिजवर, नळावर, गॅसच्या पुस्तकावर. शेवटच्या दिवसांत तिची खाट बैठकीत पालीजवळच टाकली होती. अंग पुसून घेण्याआधी तिनं हात लांब केला आणि हाताला लागली त्या, त्याच दुपारी भरलेल्या लादीवर टिकली लावून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात हलवलं. ती टिकली परत घ्यायला आली नाही.

हिवाळ्यात बाबांनी बाकीच्या सगळ्या लाद्या बादलीत सोडल्या. ही सोडली नाही. शेवटी गच्चीवर तेवढीच राहिली, तेव्हा त्यांनी ती उचलून माळ्यावर उजव्या चपलेशेजारी ठेवली आणि पुढं संक्रांतीपर्यंत गार पाण्यानं आंघोळ केली. मंत्र म्हणावा तसं जोरात 'हर हर' करत. रोशननं विचारलं तर म्हणाले, "गार पाणी तब्येतीले चांगलं असते." त्यानंतर त्यांना महिनाभर खोकला होता.

इथवर सगळं ठीक होतं. मग या एप्रिलमध्ये लाद्या बोलतात हे कुणीतरी शोधून काढलं.

खरं तर शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं. आवाज म्हणजे तरी काय, हवेतल्या कणांची दाटी आणि विरळी. खोलीत कुणी बोललं की दाराशी येणारी गर्दी किंचित वाढते, किंचित ओसरते. कोण काय बोललं याच्याशी द्वारपालाला देणंघेणं नव्हतं; पण नोंद तर त्यानं प्रत्येकाची केलेली. कंपनी ज्याला पसारा म्हणत होती, तो म्हणजे त्या दुपारी त्या खोलीत जे जे बोललं गेलं ते सगळं होतं. फक्त वाचणारा हवा होता. तो निघाला, आणि महिन्याभरात त्याचं यंत्र मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांतून दिसू लागलं.

कॉलनीत एकदम शांतता पसरली. लोक खिडकीत उभे राहून खुणांनी बोलू लागले. मत्ते काका-काकू लग्नानंतर पहिल्यांदाच सल्लामसलत करायला गच्चीवर गेले. तिथून खाली उतरून काकू जी निघाली ती भांडेवालीच्या मागं थेट पठाणपुऱ्यापर्यंत. भांडेवाली म्हणाली, "कढई परत दे, मग लादी पाहतो." काकू कढई द्यायला तयार होती, पण झारा नाही. त्यावर बोलणी फिसकटली.

रोशनला या सगळ्याचं मनापासून हसू येत होतं. एका संध्याकाळी जेवताना बाबांनी घोषणा केली. "गुरुवारी टिकलीची लादी फैजानच्या दुकानात जाईल. वाचून घेणार आहे."

रोशनचा घास हातातच राहिला.

ती दुपार त्याला आठवत होती. न आठवून सांगतो कुणाला. आई खाटेवर डोळे मिटून पडली होती. बाबा स्वयंपाकघरात चहा करत होते, म्हणजे त्यांच्या परीनं करत होते. साखर कुठं आहे हे त्यांनी दोनदा विचारलं होतं. डॉक्टरांनी सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. नागपूरहून ताईचा, प्रणितीचा, फोन आला. रोशन पालीखाली भिंतीला टेकून उभा होता. आणि तो म्हणाला :

"ताई, खरं सांगू? उलटं व्हायला पाहिजे होतं. बाबा आधी गेले असते तर आईनं दोन महिन्यांत घर सावरलं असतं. बाबांचं काय करू गं मी? त्यांना तर साखर सापडत नाही."

वाक्य असं फार मोठं नाही. त्या दिवसांत त्याला झोप नव्हती, हेही खरं. पण वाक्याला झोपेचं कारण चिकटत नाही. वाक्य नुसतंच राहतं.

त्यानंतरच्या वर्षात बाबा साखर शोधायला शिकले. वरण शिकले. रोशनच्या डब्यात रोज पोळीच्या घडीत लोणच्याची एक फोड घालू लागले, आई घालायची तशी. आणि रोज डबा उघडताना रोशनला ते वाक्य आठवू लागलं. जे वर्षभर दोघांनी मिळून उभं केलं होतं, त्याच्या पायाखाली ही लादी होती.

दुसऱ्याच दिवशी तो फैजानकडे गेला. फैजान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गोल बाजारात बोळकांडीएवढं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि त्यावर नवीन पाटी : 'लादी वाचून मिळेल. मालकानेच ऐकावे. दुकानदार ऐकत नाही.'

"मधलं एक वाक्य काढून टाकता येते का बे?" रोशननं विचारलं.

"येते ना. पण काढायचं तर मला ऐकावं लागते. अन् मी ऐकत नाही." फैजाननं पाटीकडे बोट केलं. "पहिल्या हप्त्यात ऐकत होतो. दोन भाऊ आले, वाटणीची लादी घेऊन. बाप नेमकं काय म्हणाला होता ते काढायचं होतं. मी ऐकून सांगितलं. दोघांनी मिळून मला मारलं. वीस वर्षांनी एकत्र आले म्हणे ते त्या दिवशी. आता हेडफोन मालकाच्या कानात, मी बाहेर चहा पितो."

"मग मी ऐकतो. मी काढतो."

"मालक तू नाही, काका आहेत. आणि काकांनी बजावलं आहे, रोशनला यातलं काही ऐकू द्यायचं नाही."

"असं म्हणाले?"

"बसस्टँडवर म्हणाले. पूर्ण फलाटाला माहीत आहे."

रोशन घरी परत येताना विचार करत राहिला. आई-बाबांचं त्या दुपारी काही बोलणं झालं असेल, ते बाबांना स्वतःपुरतं ठेवायचं असेल, असा अर्थ त्यानं लावला. म्हणजे बाबा सबंध दुपार एकट्यानं ऐकणार. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधे ते वाक्य येणार, आणि त्या वेळी हेडफोन काढायला कुणी नसणार.

सांगून टाकावं, असंही त्याच्या मनात आलं. दोनदा तो बाबांसमोर जाऊन बसलाही. एकदा बाबा कोथिंबीर निवडत होते, ती त्यांनी त्याच्यापुढं सारली. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काहून रे, काही पाहिजे का?" आणि रोशन म्हणाला, "साखर कुठं आहे?" बाबांनी उठून बरोबर डबा काढून दिला. त्यानंतर सांगणं आणखीच कठीण झालं.

गुरुवारी बाबा जेवून बसस्टँडवर गेले. जुन्या लोकांत तासभर बसून, ऊन कलल्यावर लादी न्यायला परत यायचं असा त्यांचा बेत होता. रोशननं दुपारची सुटी टाकली होती. त्यानं माळ्यावरून लादी काढली.

आधी त्यानं टिकली नखानं सोडवली. ती कुठं ठेवावी हे सुचेना. खिशात ठेवावी तर हरवेल, आरशावर लावावी तर दिसेल. शेवटी त्यानं ती आपल्या डाव्या हाताच्या पाठीवर चिकटवली, लादी बादलीत सोडली आणि कळ फिरवली.

आणि आता तो स्टुलावर बसून पाहत होता.

पाणी आधी नुसतं थरथरलं. मग लादीच्या कडेनं बारीक बुडबुडे सुटू लागले. रोशन शेकडो ग्राहकांना हे समजावून सांगत आला होता, पण कधी असा एकटक बघत बसला नव्हता. आत एकेक रेणू आपली नोंद सोडून पुन्हा कोरा होत होता, आणि सोडलेली प्रत्येक नोंद पाण्याच्या एखाद्या कणाला धक्का देऊन जात होती. यातला कुठला बुडबुडा आईच्या खोकल्याचा? 'रोशन, ताक पिऊन घे' हे तिनं त्या दुपारी दोन वेळा म्हटलं होतं. ते गेलं असेल का? काहीच नाहीसं होत नाही, असं तो ग्राहकांना सांगे. ते खरंच होतं. सगळं या बादलीत होतं. फक्त आता ते पाण्याच्या इतक्या कणांत, इतक्या तऱ्हांनी वाटलं गेलं होतं, की जगातले सगळे फैजान एकत्र बसले तरी त्यांना त्यातून एक 'रोशन' काढता आला नसता.

हे कळ फिरवण्याआधी सुचायला हवं होतं. सुचलं होतंही. तरी त्यानं फिरवली होती.

लादीवरचा दिवा हिरवा झाला. कोरी. न्हाणीघरात वाफ दाटली होती, अंगाला सदरा चिकटला होता, आणि दारावर थाप पडली.

"रोशन? आत कोण आहे? वाफ कायची येते?"

बाबा लवकर आले होते. बसस्टँडवरचे पंखे बंद पडले होते. रोशननं कडी काढली. दुसरा इलाजही नव्हता. माणूस न्हाणीघरात किती दिवस राहू शकतो?

बाबांनी बादलीकडं पाहिलं. त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्याच्या डाव्या हाताकडं, आणि त्या टिकलीवर त्यांची नजर थांबली.

त्यांनी बाहीनं तोंडावरचा घाम पुसला.

"बाबा, त्यात माझं एक वाक्य होतं," रोशन म्हणाला. "तुम्ही ऐकू नये असं. मी ताईला फोनवर—"

"उलटं व्हायला पाहिजे होतं," बाबा म्हणाले. "साखर सापडत नाही."

रोशन स्टुलावर खाली बसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. मधे एक पडदा." बाबा दाराच्या चौकटीला टेकले. "कूलर होता का घरात?"

रोशननं मान हलवली. कूलर नव्हता.

"म्हणून तर फैजानले सांगतलं, रोशनले ऐकू देऊ नको," बाबा म्हणाले. "तू बोलला ते तुले पुन्हा कायले ऐकवायचं? मी तर एकदा ऐकून बसलो होतो. माझं काही बिघडलं नाही. खोटं बोलला होता का तू?"

"बाबा—"

"मग तू औषध आणायले खाली गेला. मी चहा घेऊन तिच्याजवळ बसलो. मले वाटलं, झोपली आहे. तर मी देवाले म्हटलं, मले ने, हिले ठेव. पोरगा बरोबर बोलते. हळूच म्हटलं. जन्मात तेवढंच एक हळू बोललो असेन. तर तिनं डोळे न उघडता काहीतरी म्हटलं."

"आई जागी होती?"

"जागीच होती. तुझंही ऐकलं तिनं, माझंही ऐकलं. अन् असं काही बोलली बापा, की मले हसू आवरेना. कपातला चहा चादरीवर सांडला. तो डाग अजून आहे, मी धुतली नाही ती चादर. हसलो ते पक्कं ध्यानात आहे. चहाचं होतं काहीतरी त्यात. अन् आपण दोघं कसे सारखे, असं काही. देवाचंही होतं." बाबांनी हवेत बोटं फिरवली, जोड्या लावल्यासारखी. "पण नेमकं काय म्हटलं, ते गेलं. वर्षभर रोज सकाळी लावून पाहतो. रोज वेगळं लागते. शब्द सगळे आहेत रे माझ्यापाशी. तुझ्या त्या मंडपातल्या चपलांसारखं झालं. तिची मांडणी एकच होती, बाकी साऱ्या माझ्या. तेवढं एक वाक्य ऐकायचं होतं मले, फैजानकडे."

रोशननं बादलीकडे पाहिलं. पाण्यावर आता बुडबुडे नव्हते. वाफ मात्र शांतपणे वर जात होती.

माफी ही लहान भांड्यात मावणारी गोष्ट आहे. इथं बादली होती. तो म्हणाला, "मी हे ओतून देतो."

"ओतून?" बाबांचा आवाज पहिल्यासारखा झाला. "कशाले ओतून? हो बाजूला."

"बाबा, बाहेर अठ्ठेचाळीस आहे. पाणी कढत आहे."

"असू दे. ती गेली तेव्हा स्मशानातून येऊन जी आंघोळ केली, ती लोकांनी करवली. मी कुठं होतो तेव्हा? ही मी करतो."

त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. रोशनच्या हातावरची टिकली जपून सोडवली, क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, आणि नळाच्या मुठीवर चिकटवली, जिथं ती आई असताना असायची. मग रोशनला बाहेर काढून दार लावून घेतलं.

रोशन दाराबाहेर जमिनीवर बसला. कोरी लादी मांडीवर होती, अजून कोमट. आतून पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला. 'हर हर' आलं नाही. दुसरा तांब्या. तिसरा. मग थोडा वेळ काहीच नाही. घरात इतकी शांतता होती की पालीची दारं उघडतात-लागतात तेही ऐकू येईल असं वाटत होतं, आणि ती कुणालाच कधी ऐकू येत नाहीत.

मग आत बाबा हसले.

आधी बारीक, नाकातल्या नाकात. मग मोठ्यानं, भिंतींवर आपटत, खोकला लागेपर्यंत. रोशन उठून उभा राहिला.

"बाबा? आठवलं का?"

"नाही," आतून आवाज आला. "पण हसायले त्या दिवशीइतकंच येते."

पाण्याचे आणखी दोन-तीन तांबे पडले. मग कडी निघाली. बाबा पंचा गुंडाळून दारात उभे होते, अंग लालबुंद, पापण्यांवर पाणी. त्यातलं कुठलं बादलीतलं आणि कुठलं नाही हे वेगळं काढायला फार मोठा द्वारपाल लागला असता.

"अर्धी बादली ठेवली आहे," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले. रोशनला नीट ऐकायला पुढं वाकावं लागलं. "निवायच्या आत घे."

रोशन आत गेला. नळाच्या मुठीवर टिकली होती. तो त्याच स्टुलावर बसला आणि त्यानं तांब्या भरून डोक्यावर धरला. बाहेर रस्ता वितळत होता, कुत्री अजून नालीतच होती, आणि बाबा स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. साखर कुठं आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यानं तांब्या उपडा केला. पाणी अजून चांगलंच गरम होतं.